नकटी आणि रडूबाईच्या मधला पत्रा

मित्रांनो, मी एक जुना सरकता पत्रा आहे. एका प्रयोगशाळेत, दोन पिंजऱ्यांच्या मधोमध माझी जागा. बंद असलो की भिंत, उघडलो की दार. एवढीच माझी नोकरी.

माझ्या एका बाजूला नकटी, दुसऱ्या बाजूला रडूबाई. या माकडिणींची नावं त्यांना सांभाळणाऱ्या मावशींनी ठेवलेली. माणसांच्या एचआयव्हीसारखाच माकडांचा एक विषाणू दोघींना टोचला होता. तो अंगात मुरायच्या आत औषध दिलं तर आवरतो का, हे प्रयोग करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना पाहायचं होतं. म्हणून नकटीला केळ्यातून औषध आणि रडूबाईला नुसतंच केळं. प्रयोगाचा जमाखर्च असाच असतो. एकीला मिळालं नाही, तरच दुसरीला काय मिळालं ते कळतं.

एरवी मी उघडा, दोघी एकत्र; औषधाच्या वेळी मी बंद. ही जात खाणं गालात साठवते, म्हणून नकटीचे गाल रिकामे झालेले पाहून मगच मला उघडायचं, असा नियम होता. पण मी बंद झालो की रडूबाई टाहो फोडायची.

"उघडते गं बाई, जीव नको खाऊस!" म्हणत मावशी नुसती रिकामी वाटी पाहून मला सरकवायच्या. मग रडूबाई नकटीच्या गालात बोटं घालून केळं काढायची. नकटीही मुकाट्याने काढू द्यायची.

एक दिवस डॉक्टरीणबाई आल्या. "मावशी, रडूबाईच्या रक्तात औषध सापडलंय."

"मग बरंच झालं की! तिलाही गुण येईल."

"बरं कसलं? दोघींना अर्धवट मिळालं. आता यातून काही कळायचं नाही. आणि विषाणू टोचलेल्या यांना जिवंत ठेवताही यायचं नाही."

मावशींनी माझ्या कडेवर हात ठेवला. म्हणाल्या, "मग यांना नेईपर्यंत पत्रा उघडा राहू दे?"

"राहू दे," डॉक्टरीणबाई हातमोजे काढत, खाली बघून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ढकलगाडी दोघींना घेऊन गेली आणि रिकामी परत आली. मला कडकडीत वाफेने धुतलं. तरी अजून मी बंद असलो की दोन्ही बाजूंनी कुणीतरी पाठ टेकल्यासारखं वाटतं. मग मी टक् वाजतो. मावशी म्हणतात, गारठ्याने पत्रा आखडतो. पण माझ्याकडे पाठ करून त्या कधी झाडत नाहीत.

मित्रांनो, मावशींइतकं मायाळू तिथे कुणीच नव्हतं, म्हणून तर सांगतो. ज्यांना विचारता येत नाही, त्यांच्याकडून काही घेत असाल, तर ते वाया घालवू नका. तेवढं रडणं ऐकून घ्या, पण दार वेळेआधी उघडू नका.