बेसिनवरचा रोलर

तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, आणि शिकाऊ माणूस आरशात मागचा रस्ता सोडून शेजारी बसलेल्या त्याचं टक्कलच बघतो, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. म्हणून त्याने सुयांचा रोलर आणला. टाळूवर फिरवला की बारीक जखमा होतात, रक्ताचे ठिपके येतात, आणि जखमा भरताना केसांची मुळं जागी होतात म्हणे. त्याची अजून गाढ झोपेत होती, तरी तो नेमाने फिरवायचा.

त्या सकाळी मुलगी बाथरूममधून आली ती गाल लालबुंद करूनच.

"बाबा, तुमचा रोलर घेतला हं. मुरमांचे डाग जातात ना! गरम पाण्याने धुतलाय, ओरडू नका."

तो ताडकन उठला. रक्तदानाला गेला तेव्हाच कळलं होतं, की हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू त्याच्या रक्तात मुक्काम ठोकून बसलाय. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ब्लेड कुणाला देऊ नका, घरच्यांना लस टोचून घ्या. तो 'हो हो' म्हणाला आणि घरी मूग गिळून बसला. बायको आपलं ताट वेगळं काढेल, लेक लांब बसेल, या धास्तीने. ब्लेड मात्र कुलपात ठेवायचा. आणि रोलर उघडा बेसिनवर! केसांची वस्तू म्हणून हा शहाणा तो कंगव्याशेजारी ठेवत आला होता.

"आवर. दवाखान्यात जायचंय."

"एवढ्याशासाठी?"

"सुयांना गंज असतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊ."

डॉक्टरीणबाईंनी तिचे गाल पाहिले, मग त्याच्याकडे पाहिलं. "रोलर कुणाचा?"

अजूनही वेळ मारून नेता आली असती. पण लेकीच्या गालावर रक्ताचा एक ठिपका वाळला होता, आणि तो बघून त्याचा धीरच सुटला.

"माझा. बाई, मी घरात कुणालाच लस दिली नाही. सांगितलंच नाही." तो लेकीकडे वळला. "माझ्या रक्तात कावीळ आहे, बाळा. तुलाही होऊ शकते."

"लगेच आलात, बरं केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लस आणि सोबत एक इंजेक्शन, आत्ताच देते. बहुतेक वेळा निभावतं."

त्याच्या जिवात जीव आला. मुलगी मात्र पांढरीफटक पडली होती.

"बाबा, आईला बोलवा."

"तिला घरी गेल्यावर सांगतो मी. नीट समजावून."

"नाही, आत्ता बोलवा. रोलर कसा फिरवायचा ते मला आईनेच शिकवलं. तिचेही केस गळतात ना पुढून. तुम्ही कामावर गेलात की ती फिरवते, कित्येक महिने झाले. तुम्ही हसाल म्हणून बोलली नाही."

त्याने फोन काढला, पण दोनदा चुकीचाच नंबर लावला; शेवटी मुलीनेच नंबर लावला आणि फोन त्याच्या कानाला धरला.

"काय हो," पलीकडून बायको हसत म्हणाली, "रागावलात का पोरीला?"