माझीच पाठ फितूर झाली

मी महादेवीच्या भेंडीतला पिवळा डबा. आज बोलायचं ठरवलंय, कारण पोटात ठेवून ठेवून गंज चढायला लागलाय.

उदगीरच्या किराणा दुकानातून मी तेल भरून आलो. तेल संपलं, मग ज्वारी, मग गाईचं पाणी. पुढं भेंडीवर पांढरी माशी पडली, तेव्हा महादेवीनं मला पिवळा रंग दिला, अंगभर एरंडेल चोपडलं आणि बांधाजवळ काठीवर पालथा घातला. पिवळं दिसलं की माशी झेपावते आणि चिकटते. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

पण लगेच तो आला. लिंबोळीचा अर्क! कडू, गढूळ, नाक धरावं असा वास. त्याचे लाड काय विचारता! महादेवी लिंबोळ्या कांडायची, रात्रभर भिजवायची, स्वतःच्या जुन्या इरकल लुगड्यातून गाळायची, वर साबणाचं पाणी. मला कुणी साध्या फडक्यानं पुसलं नव्हतं. पानांच्या खालून ती त्याला फवारायची, आणि इकडं माझा नुसता जळफळाट.

तिचा नवरा रेवणप्पा या कडू पाण्याला हसायचा. शेवटी त्यानं सांगून टाकलं, बाजाराच्या दिवशी डबा बघणार; माश्यांनी भरलेला असला तर जालीम औषध आणून मारणार.

"दिसाआड तोडणी हाय," महादेवी म्हणाली. "इख मारून कुणाच्या ताटात वाढू?"

मला मात्र आनंद झाला. निकाल माझ्या अंगावर लागणार होता.

बाजाराच्या सकाळी रेवणप्पा बांधावरून आला. माझं अंग माश्यांनी पांढरंफेक.

"बघ, लई पडलीय. आता दवा आणतोच."

जिरली एकदाची त्या अर्काची, असं म्हणून मी फुललो. महादेवीचा चेहरा उतरला. तिनं वाकून भेंडीचं पान उलटलं, तर खाली जेमतेम एखादी माशी. दुसरं उलटलं, तेही तसंच. मग ती माझ्या मागं गेली आणि थबकली.

"जरा हिकडं या. ह्या अंगाला बघा."

माझं तोंड शेजारच्या धोंडप्पाच्या सोयाबीनकडं होतं. माश्या तिकडून येत होत्या. भेंडीकडं होती माझी पाठ, आणि ती कोरी करकरीत, एरंडेलानं चमकत होती. माझीच पाठ फितूर झाली, त्या कडवटाची साक्ष देऊन मोकळी झाली.

रेवणप्पानं दोन्ही अंगं पुन्हा पाहिली. मग पिशवी उचलली.

"दवा ऱ्हाऊ दे. साबण किती आणू?"

त्या दिवशी महादेवीनं मला पहिल्यांदा पुसलं, नवं एरंडेल लावलं. तेही त्याच लुगड्याच्या तुकड्यानं! त्याचा वास अजून अंगाला आहे. आता धोंडप्पाही लिंबोळ्या मागून गेलाय, म्हणजे माझं तोंडही रिकामं होणार.

तेव्हा विनंती एवढीच. मी कधी रिकामा दिसलो, तर निकामा समजून भंगारात घालू नका. माशी नाही हे सांगायलाही कुणीतरी उभं लागतं. आणि त्या अर्काचं कौतुक करायचंच असेल, तर माझ्या पाठीकडं उभं राहून करा. तिला ते आवडतं.