झांजांची पट्टी

शशिधरचा स्टुडिओ कळंब्याच्या रस्त्याला, टायरच्या दुकानाच्या वर. उमेदीच्या काळात त्यानं तिथं सात रॉक बँडची रेकॉर्डिंग केली, तीही खालचा टायरवाला शिव्या घालत वर येईल एवढ्या आवाजात. नंतर दहा वर्षं नुसती निवडणुकीची गाणी. पोटासाठी माणसाला काय काय ऐकावं लागतं! म्हणून शांभवी आपला बँड घेऊन आली, तेव्हा साठी गाठलेल्या, दमलेल्या शशिधरला वाटलं, जाता जाता एक काम मनासारखं होऊन जाईल.

पण त्यानं तयार केलेलं गाणं पोरीनं दोनदा परत पाठवलं. ड्रमच्या झांजा कानाला टोचतात म्हणे. शशिधर भडकला. तुझ्या जन्माआधीपासून हेच करतोय, मोबाईलवर ऐकणाऱ्यांनी मला शिकवू नये, असं त्यानं तिला सुनावलं. त्याला तर झांजा दबलेल्याच वाटत होत्या. त्यानं त्या आणखी चढवल्या.

रविवारी तो घरी चहा घेत बसला होता. त्याची बायको रत्नव्वा देवळातून आली ती थेट कपड्यांच्या मशीनकडे धावली.

"कवापास्नं शिट्टी मारालंय हे. ऐकू येत न्हाय व्हय तुमास्नी?"

मशीनची शिट्टी बिघडली आहे, असं महिन्यापूर्वी त्यानंच घरात जाहीर केलं होतं. चहा तसाच राहिला. शशिधर घाबरला, चांगलाच घाबरला. कान सोडले तर त्याच्यापाशी दुसरं होतंच काय?

दुसऱ्या दिवशी शांभवी आली. तो यातलं अवाक्षर बोलला नाही. खुर्चीत रेलून त्यानं डोळे मिटले आणि मोठ्या मनानं सांगितलं की, झांजांचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी तूच खाली घे, कुठं थांबायचं ते मी सांगतो. गाणं सुरू झालं. त्यानं थोडा वेळ जाऊ दिला आणि अंदाजानं मान हलवली.

"हां, बास. आता बसलं बघ."

तिनं वळून त्याच्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "काका, मी अजून हात लावला न्हाय."

गाणं संपलं. मग शशिधर उठला. तीस वर्षांत त्या खुर्चीत त्यानं दुसऱ्या कुणाला बसू दिलं नव्हतं. ती त्यानं तिच्याकडे सरकवली आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसला.

"पहिल्यापास्नं लाव," तो म्हणाला. "आन् काय ऐकू येतंय, ते मला सांगत जा."