अंबूबाईंच्या सुनेची गाडी

वैशाखऱ्यात जयरामांची भातगिरणी आहे आणि तिचा एक कोपरा सुनेचा. तिथं टेबल, प्रिंटर आणि नम्रताचा लॅपटॉप. नेटचा डबा गिरणीतच बसवलेला, म्हणून लॅपटॉपही तिथंच नांदायला आला. सकाळभर नम्रता गावाचे ऑनलाइन फॉर्म भरते, दाखले काढून देते. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ती गाडी पळवते. पडद्यावरची गाडी, पण वळणं अशी की माळशेजच्या घाटानंही मान खाली घालावी.

गिरणीत भात घेऊन आलेल्या बाया पोती टेकून तिच्या मागं उभ्या राहायच्या. सासूबाईंनी, अंबूबाईंनी, त्यांच्यासाठी एक ओवीच जुळवून ठेवली होती. सूप पाखडता पाखडता त्या ती म्हणायच्या, सुनेला ऐकू जाईल इतक्याच मोठ्यानं:

सून माझी गो हाकिते, गाडी बसल्या जागेला
चाक दिसना, बैल दिसना, धूर निघतो मागेला

नम्रता हसायची. पण त्या गुरुवारी तिला हसू आलं नाही.

शहापूरला कॉलेजात असताना पाच जणांची एक टीम झाली होती. लग्न होऊन ती किन्हवलीहून इकडं आली तरी टीम सुटली नव्हती. रविवारी मोठी ऑनलाइन स्पर्धा होती आणि टीमचा म्होरक्या दिपेश याचा सकाळीच फोन आला. दसऱ्यापासून नम्रताची गाडी ऐन वळणावर अडकायची. परवाच्या सरावात ती पुलावर क्षणभर थिजली, मागचे दोघे तिच्यावर आदळले आणि तिघंही बाद. दिपेश तसा भला पोरगा. खूप आडवळणानं बोलला, पण बोलला ते स्पष्ट होतं. शनिवारी चार वाजता दुसऱ्या एका टीमबरोबर पंधरा फेऱ्यांचा सराव. कितवी आलीस ते विचारणार नाही, पण एकदा जरी अडकलीस तर रविवारी तुझ्या जागी टीमची राखीव मनस्वी.

मनस्वीकडं नवाकोरा लॅपटॉप होता. नम्रताकडं होता तो चार वर्षांचा, आणि त्यावर घर थोडंफार चालत होतं. तो बदलायचा विषयही काढता येत नव्हता.

म्हणून तिनं ठरवलं की आहे त्यालाच थोडं पळवायचं. लॅपटॉपात चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड असतं. कंपनीनं त्याला एक चाल ठरवून दिलेली असते. त्याहून जरा जास्त चालीनं त्याला चालवायचं, याला खेळणारी पोरं ओव्हरक्लॉक म्हणतात. त्यासाठीचं सॉफ्टवेअर तिनं उतरवलं, त्यातली चाल वाढवायची पट्टी धरली आणि शून्यावरून एकदम शंभरावर नेऊन ठेवली. गाडी सुरू केली. आधी सेकंदाला पंचेचाळीस चित्रं यायची, ती आली अडतीसवर. तिनं आणखी पन्नास चढवले. तेहतीस.

जयराम गिरणीच्या पट्ट्याला हात लावून उभे होते. सुनेचं तोंड बघून ते आले आणि काही न विचारता त्यांनी लॅपटॉपच्या पाठीवर तळवा ठेवला. मोटरवर ठेवतात तसा. ठेवला आणि उचलला.

"भाकरी टाकायची का याच्यावर?"

नम्रतानं आकडा दाखवला. सत्याऐंशी डिग्री. तिथं पोचलं की कार्ड जळू नये म्हणून आपणच हळू होतं, हे ती सासऱ्यांना समजावू लागली. जयरामांना ते समजवावं लागलं नाही. त्यांच्या मते मोटर काय नि हे काय, गरम झालं की रुसतं. आणि रुसलेल्याला वरून चाबूक मारला तर ते बसूनच घेतं.

"हा श्वास कुठून घेतो, ते दाव," ते म्हणाले.

नम्रतानं लॅपटॉप उचलला. श्वास घ्यायच्या जाळीखाली एक टुमदार गोधडी होती. जुन्या लुगड्याची, चार बाजूंनी बारीक टाके घातलेली, लॅपटॉपच्या मापाची. दसऱ्याला अंबूबाईंनी ती केली होती. या घरात कमावणारं कोणी उघड्यावर बसत नाही. कोयत्याला पाट, गिरणीला तोरण, तसं लॅपटॉपला आसन. इतक्या मायेनं अंथरलेलं ते आसन सुनेनं आठ दिवस हलवलंच नव्हतं.

गिरणीच्या हत्यारांतला बारका स्क्रूड्रायव्हर आणला. चार्जर काढला, लॅपटॉप बंद केला, खालचं झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांवर कोंड्याची साय बसली होती. ते अपेक्षितच होतं, भातगिरणीत राहिल्यावर कोंडा यायचाच. पण कोंड्याच्या कडेला हळद होती. जाळीला कुंकू लागलेलं. झेंडूची सुकलेली पाकळी. आणि पंख्याच्या बुडाशी, देवघरात बसावं तसे, अक्षतांचे सहा दाणे.

दोघांनी एकदमच अंबूबाईंकडं पाहिलं.

अंबूबाईंचं सूप थांबलं. त्या मानी बाई. खाली पाहणाऱ्यांतल्या नव्हेत.

"मंग? पूजा करायची नाय? लक्ष्मीला कुंकू नाय लावायचं तर काय ग्रीस लावायचं?"

"लाव गो," जयराम म्हणाले, "पण तोंडात कोंबू नको."

नम्रतानं खालचा ओठ दाताखाली धरला. सासूबाईंनी पदर झटकला आणि त्या घरात गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या तेव्हा हातात रंगाचा नवा, मऊ ब्रश होता. दोन विटकरीही आणल्या होत्या, धुऊन पुसून. गोधडी त्यांनी घडी करून काखेत मारली आणि म्हणाल्या, बसू दे त्याला उघड्यावर, सुनेची हौस.

जयरामांना गिरणीचा ब्लोअर लावायचा होता. नम्रतानं नको म्हटलं. एवढ्या वाऱ्यानं पंखा भलताच फिरला तर जायचा. तिनं पात्यांत काडी धरून पंखा अडवला आणि ब्रशनं एकेक पातं साफ केलं. अक्षता मात्र अंबूबाईंनी तळहातावर मागून घेतल्या आणि तुळशीत नेऊन टाकल्या.

विटकरींवर ठेवून लॅपटॉप सुरू केला. काही न चढवताच त्र्याहत्तर डिग्री आणि अठ्ठेचाळीस चित्रं.

मग शुक्रवारी भल्या सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, खरं काम सुरू झालं, जयरामांच्या रीतीनं. गिरणीत दाणा सोडायची खिडकी ते एकदम उघडत नाहीत. बोटभर उघडायची, ऐकायचं, हात लावायचा, मग आणखी बोटभर. नम्रतानं तसंच केलं. पंचवीस चढवायचे, सगळ्यात अवघड शर्यत पंधरा मिनिटं पळवायची, आकडा बघायचा, खडूनं दाराच्या फळीवर लिहायचा. पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर. शंभरावर अठ्ठ्याहत्तर डिग्री, पंचावन्न चित्रं. सव्वाशेवर सत्तावन्न. दीडशेवर पडद्यात जांभळे ठिपके उडाले, जणू कोणी नाचणी फेकली.

"थरथरलं," जयराम म्हणाले. "आता दोन पायऱ्या मागं ये."

नम्रता शंभरावर आली. विजेचा दाब वाढवायची सोय कंपनीनं बंदच ठेवली होती. उघडी असती तरी त्याला आपण हात लावणार नाही, असं तिनं सासऱ्यांना सांगितलं, आणि ते ऐकून ते खूश झाले.

शनिवारी दुपारी नवरा, सुयोग, मुरबाडहून कंपनी सुटल्यावर आला. त्यानं फळीवरचे आकडे वाचले. मनस्वीच्या लॅपटॉपवर म्हणे नव्वद चित्रं येतात. एकाच शर्यतीचा प्रश्न आहे, सव्वाशेवर ने, ठिपके काय दीडशेला आलेत, असं तो म्हणाला. नम्रताचा हात पट्टीवर गेलासुद्धा. चार वाजायला दहा मिनिटं होती. गिरणीचे पत्रे ऑक्टोबरच्या उन्हानं तडतडत होते. आणि हात पट्टीवर असतानाच तिला उमगलं की आकडे लिहिले ते सकाळच्या गारव्यातले आहेत. हे ऊन त्यांत धरलेलंच नाही.

तिनं पट्टी आणखी मागं ओढली. पंचाहत्तर.

"बाई पुढं जायचं सोडून मागं चाललीय," सुयोग म्हणाला. जयरामांनी त्याला गिरणीचं बटण बंद करायला पाठवलं. गिरणी आणि लॅपटॉप एकाच लाइनीवर. मोटर सुरू झाली की दिवा डोळा मिटतो. दारात महादू भाताचं पोतं घेऊन बसला होता. त्याला तासभर थांबायला सांगितलं, आणि का ते कळल्यावर तो पोतं टाकून आत येऊन उभा राहिला.

पंधरा फेऱ्या. पहिल्याच वळणाला मनस्वी तिला ओलांडून गेली. पाचव्या फेरीला आणखी दोघं. सुयोग काहीतरी म्हणू लागला, तेव्हा अंबूबाईंनी त्याचा दंड धरला. आठव्या फेरीला एक्क्याऐंशी डिग्री. बाराव्याला त्र्याऐंशी, आणि तिथंच थांबलं. शेवटच्या फेरीला सात गाड्या एकदम पुलावर आल्या. नम्रतानं श्वास धरला. पूल आला, गाड्यांची पाठ दिसली, धूळ उडाली आणि पूल गेला.

थोड्या वेळानं दिपेशचा मेसेज आला. एकदाही अडकली नाहीस. उद्या तूच.

नम्रता खुर्चीतच मागं रेलली आणि हसत सुटली.

"पयली आली काय गो?" अंबूबाईंनी विचारलं.

"नाय आई. सहावी."

"मंग हसतेस कशाला?"

"मधी थांबले नाय, म्हणून."

अंबूबाईंनी क्षणभर पडद्याकडं पाहिलं आणि मग सुनेच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला.

"बरोबर हाय तुझं. भाताच्या लावणीला पुढं पळणारीचं नाव कोण ध्यानात ठेवत नाय. रांग सोडून बांधावर बसणारीचं मातर सगळा गाव घेतो."

"तरीच," जयराम गिरणीच्या बटणाकडं जाता जाता बायकोला म्हणाले, "लगीन ठरवाय आलो तवा अख्ख्या गावाला तुझं नाव पाठ व्हतं."