दोन्ही हातांची सभासद

लातुरात सौंदर्यप्रसाधन शास्त्रज्ञांची संस्था निघाली तेव्हा आम्ही सात जण होतो. त्यातले तिघे नुसते चहाला आले होते. आज चौपन्न आहोत. ही वाढ कशी झाली, असं कुणी विचारलं की मी विषय बदलते, कारण त्या वाढीत माझं सचिवपद गेलं. पण लोक काहीबाही बोलून राहिलेत, तेव्हा एकदाचं सांगून टाकते.

मी सौदामिनी. फार्मसी कॉलेजात शिकवते आणि अकरा वर्षांपासून क्रीम बनवते. संस्थेचे अध्यक्ष दत्तोपंत, आमचे निवृत्त प्राचार्य. त्यांना मानपत्रं फार आवडतात आणि नांदेड अजिबात आवडत नाही. विभागीय आयुक्तालय लातुरात व्हावं की नांदेडात, या वादापासून त्यांचा तो राग आहे. त्यात मुंबईच्या मध्यवर्ती संस्थेचं पत्र आलं, की या भागाला एकच शाखा मिळेल, पन्नास सभासद हवेत, आणि तपासायला आमच्या प्रतिनिधी येतील. शनिवारी नांदेड, रविवारी लातूर.

आमचे खरे सभासद एकोणीस. नांदेडचे एकवीस, हे मला आधीच कळलं होतं. नांदेडच्या संस्थेचा सचिव आलोक माझा वर्गमित्र, पोटात काही राहत नाही त्याच्या.

"सौदामिनी, पन्नास कर," दत्तोपंत म्हणाले. "कसे ते मला सांगू नकोस."

नाही सांगितलं. पतसंस्थेच्या कारकुनापासून माझ्या नणंदेपर्यंत सतरा नावं घुसडली. उरलेल्या चौदांसाठी मला सबिहा आठवली.

नवं क्रीम बाजारात जाण्याआधी माणसाच्या कातडीवर तपासतात. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला बोटभर लावायचं, वरून पट्टी चिकटवायची, शेजारी मार्करनं क्रमांक लिहायचा, दोन दिवस पाणी लावायचं नाही. मग लाली, पुरळ, खाज काय ते बघायचं. सहा वर्षं आम्हाला असे हात पुरवले ते सबिहानं. गंजगोलाईच्या मागं तिचं पार्लर आहे. ती स्वतः आणि तिच्या हाताखालच्या तेरा बायका, सहाही वर्षं त्याच. दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही.

मी सभासदत्वाचा अर्ज पुढं केला तेव्हा सबिहानं तो दोनदा वाचला.

"मॅडम, हे खरं हाय ना? ह्याचं सर्टिफिकेट भेटतंय?"

तिच्या दुकानासमोर नवं चकाचक सलून झालं होतं. तिथं काचेत तीन सर्टिफिकेटं टांगलेली. गिऱ्हाईक सबिहाच्या दारात यायचं आणि विचारायचं, तुमचं कुठंय? निम्मं गिऱ्हाईक तिकडं गेलं होतं. मी म्हणाले, खरंच आहे. खोटं बोलले. तपासणी झाली की ही नावं गुपचूप काढायची, असं ठरलेलं होतं. तिनं ओळखपत्र लॅमिनेट करून आरशाशेजारी लावलं, ते बघून मला जरा वाईट वाटलं. जराच.

रविवारी मुंबईहून डॉ. मनस्विनी आल्या. बारीक अंगाच्या, मऊ बोलणाऱ्या, पर्समध्ये भिंग. आम्ही त्यांना तुरीच्या सालीचं क्रीम दाखवलं, लातूरचं संशोधन म्हणून. डाळीच्या गिरण्यांतली साल वाया जाते, तिच्यातून सौंदर्य, वगैरे दत्तोपंतांनी पाऊण तास सांगितलं. सबिहासकट चौदाही बायका उजव्या हाताला आमची पट्टी लावून सभागृहात दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

आमच्या धंद्यातल्या माणसाला एक खोड असते. पट्टी दिसली की हात वाचल्याशिवाय चैन पडत नाही. मनस्विनीबाईंनी सबिहाचा उजवा हात वाचला. 'ला-७'. मग सहज म्हणून डावा हात उलटा केला. तिथंही पट्टी होती, आणि शेजारी ठळक अक्षरात 'नां-१२'.

पुढचीच्या हातावर 'नां-१३'. तिच्या पुढचीच्या 'नां-१४'. दोन दिवस पाणी लावू नका, हे आम्हीच सहा वर्षं त्यांच्या डोक्यात घातलं होतं. बिचाऱ्यांनी लावलं नव्हतं.

"काल नांदेडला मागच्या रांगेत याच बायका होत्या का?" मनस्विनीबाईंनी विचारलं.

"हाव," सबिहा म्हणाली. "माझं माहेर हाय तिथलं. आलोक सरांनी जीप धाडली. त्यांनी बी सही मागितली, दिली. तुमाला कुणाला एकमेकांचं सांगायचं नव्हतं, म्हणून न्हाई सांगितलं."

दत्तोपंत छताकडं बघू लागले.  आणि माणूस घाबरला की जे करतो तेच मी केलं. लाल पेन काढून सगळ्यांसमोर चौदा नावं खोडली. "चुकून आली यादीत," म्हणाले. "त्या शास्त्रज्ञ नाहीत."

सबिहा माझ्याकडं बघत राहिली फक्त. मी दुसरीकडं बघितलं.

"मग काय आहेत?" मनस्विनीबाई म्हणाल्या. आणि सबिहाला विचारलं, "दोन्ही हातांत फरक काय वाटतो?"

"फरक न्हाई. नांदेडवाले केळीच्या सालीचं म्हणत्यात, आमचे तुरीच्या. पर खालचं मलम एकच हाय. दोनीकडं आठव्या तासाला खाज सुटती. वासासाठी घालत्यात ते काढून टाकलं तर सुटणार न्हाई. सहा सालांपासून सांगून राहिले, कुणी लिवून घेत न्हाई."

 तयार मलम हैदराबादहून येतं, हे मला माहीत होतं. आलोकही तिथूनच आणतो, हे नव्हतं. तूर त्यात चिमूटभर असते. मोठी चिमूट.

मनस्विनीबाईंनी भिंग पर्समध्ये ठेवलं. रागावल्या नाहीत, हीच पंचाईत. दोन्ही शहरांच्या याद्या त्यांनी तिथंच एकेक नाव विचारत तपासल्या. घुसडलेली नावं काढली तर एकोणीस आणि एकवीस, मिळून चाळीस. पण त्यांच्या नियमात पाच वर्षं स्वतःच्या कातडीवर नियमित परीक्षण केलेल्या माणसाला पूर्ण सभासद होता येतं. कलम कुणी वाचलंच नव्हतं. चाळीस आणि चौदा, चौपन्न. लातूर-नांदेड मिळून एक शाखा, घ्यायची तर घ्या.

घेतली. पुढच्या महिन्यात सचिवाची निवडणूक झाली. उमेदवार तीन: मी, आलोक आणि त्या तेरा जणींनी उभी केलेली सबिहा. मला वाटलं होतं, लातूरची मतं तरी हक्काची.

"नांदेडचा पोरगा निवडून येण्यापेक्षा सबिहा काय वाईट?" दत्तोपंत मला तोंडावर म्हणाले. नांदेडवाल्यांनी माझ्याबद्दल हेच म्हटलं असणार. सबिहाला बावन्न मतं पडली. आलोकला एक, मला एक. आमची आमची.

नव्या शाखेत सगळ्यांनी नव्यानं अर्ज करायचा होता आणि छाननी सचिवाकडं. गेले तिच्या पार्लरात. समोरच्या सलूनपेक्षा मोठी सर्टिफिकेटची चौकट भिंतीवर लागली होती आणि बाकावर बसायला जागा नव्हती. एका बाईच्या तोंडाला लेप लावून सबिहानं हात पुसले आणि माझा अर्ज घेतला. पीएचडी, शोधनिबंध, सगळं वाचलं. मग एका रकान्यावर थांबली.

"मॅडम, हे मोकळं ठेवलंय. सोताच्या अंगावर लावून बघितल्याचा अनुभव. किती वर्षं लिवू?"

अकरा वर्षांत मी बनवलेलं एकही क्रीम मी स्वतःच्या हाताला लावलं नव्हतं. खाज कशी असते, हे मला फक्त तक्त्यावरून माहीत होतं. खोटा आकडा सांगावा असं मनात येऊन गेलं. पण समोर सबिहाचे दोन्ही हात होते आणि त्यांच्यावर बारीक बारीक डाग होते. सगळे माझ्याच क्रीमचे. इतकी लाज मला सभागृहात पकडले गेले तेव्हाही वाटली नव्हती.

"शून्य लिही," मी म्हणाले.

तिनं शून्य लिहिलं. मग सचिवाच्या शेऱ्याच्या जागी सावकाश, एकेक अक्षर जुळवत लिहिलं, 'तरी घ्यावं', आणि खाली सही केली.