लाइन किती?

कळमेश्वरच्या कारखान्यात कॉम्प्युटर एकच होता आणि त्याचा पडदाही एकच. "पडदा जळाला का तू बी घरी," असं मधुकरराव साहेबांनी गिरिधरला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. गिरिधरची नोकरी अजून कच्ची.

बरं, गप बसावं, तर साहेबांनाच अक्षरं स्वच्छ हवी होती! चालू होताच मशीन आधी एक चिप वाचतं. पडद्यावर लाइनी जास्त तेवढी अक्षरं स्वच्छ, आणि त्या किती आखायच्या हे या चिपमध्येच ठरतं. कुणा भल्या माणसानं तिचा अख्खा प्रोग्राम मासिकात छापला होता. घ्या, बदला, वाटा! खाली ताकीद होती, की आकडा चुकला तर पडदा आधी शिटी मारेल, मग जळेल.

ते मासिक कारखान्याचे वायरमन देवराव यांच्याजवळ होतं. देवराव स्टॅबिलायझरच्या काट्यावर नजर ठेवून बसलेले. नव्या चिपमध्ये तो प्रोग्राम भरता भरता गिरिधरनं मान न वळवता विचारलं, "देवरावभाऊ, लाइन किती?"

"दोनशे वीस!"

त्यानं तेच टाकलं, चिप बसवली, बटण दाबलं.

पडदा किंचाळला. गिरिधर जागचा हलेना. देवरावांनीच धावत येऊन प्लग उपटला.

"दोनशे वीस कुठं लिहिलंय?" गिरिधरनं मासिक ओढलं. तिथं साडेतीनशे होते.

"लिहिलं काहून राहीन? काट्यावर पाह्यलं ना! लाइन इचारली तुमी."

घ्या! नागपुरात विजेला लाइन म्हणतात हे शेंबडं पोरही जाणतं, आणि हा शहाणा नागपूरच्याच नंदनवन वस्तीत वाढून विसरला.

जुनी चिप बसवून मशीन पुन्हा लावलं. पडदा काळाच.

"साहेबाले सांगा, लाइन वाढली," देवराव कुजबुजले. "मी बी हाव म्हणतो."

गिरिधरला सुटावंसं वाटलं, फार वाटलं. पण मग स्टॅबिलायझर सांभाळणाऱ्या देवरावांचीच मान अडकली असती.

तेवढ्यात साहेब दारात. "काय करून राहिला रे?"

"साहेब, पडदा जळाला. माझ्या हातून."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. "जळाला? मंग हे काय होय?"

काचेवर हिरवी अक्षरं हळूहळू उजळत होती. पडद्याची नळी तापायला वेळ लागतो, हे रोजचं साधं ज्ञानही भीतीनं गिळलं होतं. गिरिधरनं लाइनीच्या आकड्याचा घोळ एका दमात सांगून टाकला.

"बरं, खरा आकडा किती?"

"साडेतीनशे."

"मंग टाक. मी इथंच उभा आहो."

गिरिधरनं मासिकातल्या आकड्यावर बोट ठेवून तो दोनदा वाचला. चिप भरली, बसवली. पण बोट काही केल्या बटणाकडे जाईना.