येतो म्हणू नका

बालवाडीतल्या मदतनीस गोजाबाईचा मुलगा ज्योतीराम बायकोला घेऊन नाशिकला राहायला गेला, ते एकाहत्तर साल. त्याच जूनमध्ये निगडीची बालवाडी सुट्टीनंतर उघडली आणि पहिल्याच सकाळी सरूने फाटकात बापाच्या पायाला मिठी मारली.

"येतो गं पोरी," तिचा बाप कोंडाजी म्हणाला, तशी ती किंचाळलीच.

सुट्टीआधी हीच पोर बापाकडे वळूनही बघत नसे. मे महिन्यात तिची आई बाळंतपणात वारली होती.

"दोन-चार दिस बघतो, मावशी," कोंडाजी म्हणाला. "न्हाईतर गावाकडं आजीपाशी सोडतो, लातूरकडं. शिफ्ट किती बुडवू?"

"सोडा की. मंग तुमी खोलीवर भिताडाशी बोला." भिंतीशी बोलणं काय असतं, ते गोजाबाईला एव्हाना कळलं होतं. तिने सरूला उचललं.

"गोजाबाई, आता फाटकातच बालवाडी भरवा!" शिकवणाऱ्या सुमनताई आतून ओरडल्या.

खाऊ वाटून झाल्यावर गोजाबाई सरूची वेणी घालत बसली. "बा येतो म्हणतोय न्हवं? मंग का रडतीस?"

"माय बी येते म्हन्ली हुती. दवाखान्यात जाताना."

गोजाबाईचे हात थांबले. निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे ज्योतीरामला तिनेच शिकवलं होतं. तोही 'येतो' म्हणूनच गेला होता.

दुसऱ्या सकाळी तिने कोंडाजीला फाटकाबाहेर गाठलं. "आज 'जातो' म्हणायचं."

"असं वंगाळ बोलतेत का, मावशी? घरात आत्ताच..."

"ठावं हाय. तरी म्हणा. दुपारपास्नं पोर माझ्याकडं ऱ्हाईल, त्ये बी सांगा."

कोंडाजी पोरीपुढे उकिडवा बसला. "सरू, मी कामावर... जातो. भोंगा झाला की मावशीच्या खोलीवरनं तुला घरी नेतो."

सरूने त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याचा सदरा धरलेली मूठ सोडली. "जा," म्हणाली, आणि आत गेली.

पुढे चौथीपर्यंत तिच्या दुपारी गोजाबाईकडेच गेल्या. मग कोंडाजीने दुसरं लग्न केलं आणि बिऱ्हाड चाकणकडे हलवलं.

गोजाबाई एकोणऐंशीच्या मे महिन्यात वारली. बालवाडीला सुट्टी होती. तिथल्या मुलांना जूनमध्ये कळलं.